रोज हायवेने ये-जा करता? मग स्पोर्ट बाईक घ्यावी की क्रूझर?

घरात नवी बाईक घ्यायचं ठरलं की चर्चा फिरून फिरून दोन फोटोंपाशी येते. एका फोटोत पुढे झुकलेली, टोकदार चेहऱ्याची स्पोर्ट बाईक असते. दुसऱ्यात लांब, ठेंगणी, ऐसपैस सीटची क्रूझर असते. मुलाचं मन पहिलीवर जडलेलं असतं, वडिलांना दुसरी बरी वाटते आणि आईचं म्हणणं असतं, ‘‘दोन्ही नकोत, कंपनीच्या बसने जा.’’

बाईक रविवारच्या फेरफटक्यासाठी हवी असेल तर जी आवडेल ती घ्यावी, त्यात फारसा विचार करण्यासारखं काही नाही. पण वाघोलीहून रांजणगाव एमआयडीसी, नाशिकहून सिन्नर, इंदूरहून पिथमपूर किंवा वडोदऱ्याहून हलोल असा रोजचा प्रवास असेल तर गोष्ट वेगळी होते. जाऊन-येऊन रोजचे ८० किलोमीटर आणि महिन्याचे २४ दिवस धरले तरी महिन्याला १,९२० आणि वर्षाला २३ हजारांहून जास्त किलोमीटर होतात. म्हणजे वर्षातले शेकडो तास तुम्ही त्या सीटवर काढणार आहात. फोटोत बाईक कशी दिसते यापेक्षा रात्री आठ वाजता, दमून घरी परतताना शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये ती तुम्हाला कशी वागवते, हा प्रश्न मग जास्त महत्त्वाचा ठरतो.

दोघींत नेमका फरक काय?

खरा फरक बसण्याच्या पद्धतीत आहे. स्पोर्ट बाईकचं हँडल खाली आणि पुढे असतं, पाय ठेवायच्या जागा वर आणि मागे असतात. त्यामुळे अंग पुढे झुकतं. यामाहा आर१५, सुझुकी जिक्सर एसएफ २५०, टीव्हीएस अपाची आरआर ३१० आणि केटीएम आरसी ३९० या आपल्याकडच्या ओळखीच्या स्पोर्ट बाईक. यातही फरक आहे. जिक्सर एसएफ २५० वर बसणं बरंच आरामाचं आहे, तर आर१५ आणि आरसी ३९० तुम्हाला चांगलंच झुकायला लावतात.

क्रूझरमध्ये हँडल तुमच्याकडे आलेलं, सीट खाली आणि पाय पुढे असतात. खुर्चीत बसल्यासारखं वाटतं. बजाज अव्हेंजर, रॉयल एन्फील्ड मिटिऑर ३५० आणि तिची मोठी बहीण सुपर मिटिऑर ६५० या प्रकारात येतात.

इंजिनाचा स्वभावही वेगळा असतो. आर१५ चं इंजिन १५५ सीसीचं आहे आणि त्याची सर्वाधिक ओढ, म्हणजे टॉर्क, १४.२ न्यूटन-मीटर आहे. ती मिळते ७,५०० आरपीएमला. मिटिऑरचं ३४९ सीसीचं इंजिन २७ न्यूटन-मीटर ओढ देतं, तीही ४,००० आरपीएमलाच. सोप्या भाषेत सांगायचं तर स्पोर्ट बाईकला जोर आणायला इंजिन तापवावं लागतं, गिअर सतत खाली-वर करावे लागतात. क्रूझर वरच्या गिअरमध्येच निवांत चालत राहते. चढावर किंवा ट्रक ओलांडताना हा फरक लगेच कळतो.

हायवेवर वेग किती वापरता येतो?

‘हायवेला जायचंय म्हणजे पळणारी बाईक हवी,’ हा युक्तिवाद घरोघरी ऐकू येतो. पण केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारसायकलची कमाल वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे. महापालिका हद्दीत ती ६० आहे. राज्य सरकारं आणि स्थानिक प्रशासन ही मर्यादा आणखी कमी करू शकतात. ताशी ८० ला १५० सीसीची स्पोर्ट बाईक आणि ३५० सीसीची क्रूझर दोन्ही आरामात पोचतात.

थोडा हिशोब करून पाहा. ४० किलोमीटरच्या वाटेवर मोकळा रस्ता २५ किलोमीटरचा असेल. तो ८० ऐवजी १०० च्या वेगाने कापला तर चार मिनिटंही वाचत नाहीत. बाकीचा वेळ चौक, टोलनाका आणि बाजारपेठेतल्या गर्दीत जातोच. उलट धोका किती वाढतो बघा. समोर काही आडवं आलं आणि ब्रेककडे हात जायला एक सेकंद लागला तर ८० च्या वेगात बाईक २२ मीटर पुढे जाते, १०० च्या वेगात २८ मीटर. त्यानंतर ब्रेक लागून थांबायला लागणारं अंतरही दीडपटीहून जास्त होतं, कारण ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं.

आणखी एक गोष्ट बाईक घेण्याआधीच पाहून ठेवा. तुमच्या वाटेवरचा मोठा रस्ता दुचाकीला खुला आहे का? मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर मोटारसायकलला परवानगी नाही. बंगळुरू-म्हैसूर महामार्गाच्या मुख्य मार्गिकांवर १ ऑगस्ट २०२३ पासून दुचाकींना बंदी आहे. म्हणजे तिथे तुमच्या वाट्याला जुना रस्ता किंवा सर्व्हिस रोड येतो. तिथे गतिरोधक असतात, उलट्या दिशेने येणाऱ्या गाड्या असतात आणि मध्येच भाजीची हातगाडीही उभी असते. तुमचा ‘हायवे’ प्रत्यक्षात असा असेल तर वरच्या वेगासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

अंगाला काय सोसावं लागतं?

स्पोर्ट बाईकवर झुकून बसल्याने अंगाचा बराचसा भार मनगटांवर आणि खांद्यांवर येतो. समोर पाहायला मान वर करावी लागते. मोकळ्या रस्त्यावर समोरचा वारा छातीला थोडा आधार देतो, त्यामुळे मनगटं हलकी होतात. पण ट्रॅफिकमध्ये १५-२० च्या वेगाने सरकताना हा आधार नसतो. क्लच दाबून दाबून डावा हात भरून येतो. त्यात पाठीवर लॅपटॉपची बॅग असेल तर तिचंही वजन खांद्यांवरच पडतं.

क्रूझरवर मनगटं मोकळी राहतात, गुडघेही फार दुमडत नाहीत. ज्यांचं वय चाळीशीच्या पुढे आहे, ज्यांना मानेचा त्रास आहे, त्यांना हे सुखाचं वाटतं. मात्र क्रूझरचीही एक अडचण आहे, ती शोरूममध्ये कळत नाही. पाय पुढे असल्यामुळे खड्डा आला की पायांवर जोर देऊन सीटवरून उठता येत नाही. सगळा दणका थेट माकडहाडाला आणि कंबरेला बसतो. रस्ता गुळगुळीत असेल तर क्रूझर आरामखुर्ची आहे. रस्ता खराब असेल तर तीच खुर्ची पाठ धरायला लावते. स्पोर्ट बाईकवर पाय मागे असल्याने खड्ड्यावर किंचित उठणं त्यामानाने सोपं जातं.

वाऱ्याचंही तसंच आहे. स्पोर्ट बाईकच्या फेअरिंगमागे वाकून बसलं तर छाती झाकली जाते. क्रूझरवर सरळ बसल्याने सगळा वारा अंगावर येतो आणि हँडल धरून स्वतःला पुढे खेचून ठेवल्यासारखं होतं. रोज हायवेने जायचं असेल तर क्रूझरला विंडस्क्रीन लावून घेणं फायद्याचं ठरतं.

कमरेचं किंवा मणक्याचं दुखणं आधीपासून असेल तर कोणती बाईक घ्यायची हे मित्राला किंवा सेल्समनला विचारण्याऐवजी आधी डॉक्टरांना विचारा.

उंची, वजन आणि पाय टेकणं

आर१५ च्या सीटची उंची ८१५ मिलिमीटर आहे, मिटिऑरची ७६५ आणि अव्हेंजर क्रूझ २२० ची ७३७. उंची बेताची असेल तर क्रूझरवर दोन्ही पाय पूर्ण टेकतात. सिग्नलला, उतारावर किंवा चिखलात हा मोठा दिलासा असतो. बाईक चालवणाऱ्या अनेक मुली आणि महिला याच कारणासाठी क्रूझर निवडतात.

पण वजनही लक्षात घ्या. आर१५ साधारण १४२ किलोची आहे, मिटिऑर १९१ किलोची आणि सुपर मिटिऑर ६५० तर २४१ किलोची. पंक्चर झाल्यावर ढकलताना, सोसायटीच्या अरुंद पार्किंगमधून मागे काढताना किंवा अरुंद रस्त्यावर यू-टर्न घेताना हे वजन जाणवतं. उलट, हायवेवर शेजारून बस भरधाव गेली की हलकी बाईक जास्त हेलकावते. जड बाईक आपली सरळ रेषा सहसा सोडत नाही.

क्रूझर खाली घासते, असाही समज आहे. तो प्रत्येक मॉडेलला लागू होत नाही. मिटिऑर ३५० आणि आर१५ दोन्हींचा ग्राउंड क्लिअरन्स १७० मिलिमीटरच आहे. फक्त क्रूझरच्या दोन चाकांमधलं अंतर जास्त असल्याने उंच गतिरोधकावर तिचं पोट टेकण्याची शक्यता जास्त असते. सुपर मिटिऑर ६५० मध्ये तर हा क्लिअरन्स १३५ मिलिमीटर आहे. गावागावांतले घरगुती गतिरोधक आठवा आणि मगच ठरवा.

घाटरस्त्यावर मात्र स्पोर्ट बाईक उजवी ठरते. ती वळणावर सहज झुकते आणि हवी तशी वळते. लांब क्रूझर वळणावर उशिरा वळते आणि जास्त झुकवली की पाय ठेवायच्या जागा रस्त्याला घासू लागतात.

मागे कोण बसणार?

बाईक एकट्याची असली तरी घर सगळ्यांचं असतं. आठवड्यातून दोनदा बायकोला स्टेशनवर सोडायचं असेल, आईला दवाखान्यात न्यायचं असेल किंवा सहकाऱ्याला रोज डबलसीट न्यायचं असेल तर मागची सीट नीट पाहा. बहुतेक स्पोर्ट बाईकची मागची सीट उंच, अरुंद आणि पुढे उतरती असते. ब्रेक लागला की मागचा माणूस पुढच्यावर येतो. साडी नेसलेल्या किंवा वयस्कर व्यक्तीला तिथे चढणंही अवघड जातं. क्रूझरची मागची सीट रुंद आणि खाली असते, पाठीला टेकायला बॅकरेस्टही लावता येते.

बाईक कोणतीही असो, मागच्यासाठी धरायला हँडल, पाय ठेवायची जागा आणि चाकात कपडा अडकू नये म्हणून मागच्या चाकाला गार्ड असणं नियमानेच बंधनकारक आहे. दिसायला बरं वाटत नाही म्हणून साडी गार्ड काढून टाकणं ही फॅशन महागात पडते. चार वर्षांखालच्या मुलाला नेताना सेफ्टी हार्नेस आणि हेल्मेट लागतं आणि वेग ताशी ४० च्या पुढे नेता येत नाही. म्हणजे लहान मुलाला घेऊन हायवेवर जाऊच नये, असा याचा सरळ अर्थ आहे.

खर्चाचं गणित

शोरूममधली किंमत ही फक्त सुरुवात असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवर १८ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या बाईकवर ४० टक्के. म्हणून ३४९ सीसीची क्रूझर आणि ३७३ सीसीची आरसी ३९० यांच्या किमतीत करामुळेही मोठा फरक पडतो.

विम्यातही ३५० सीसी हीच रेषा आहे. नवीन दुचाकी घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १५० ते ३५० सीसीसाठी एका वर्षाचा हप्ता १,३६६ रुपये आहे, तर ३५० सीसीच्या वर तो २,८०४ रुपये, म्हणजे दुपटीहून जास्त होतो.

पेट्रोलचा अंदाजही बांधून ठेवा. महिन्याला १,९२० किलोमीटर चालवायचं आणि एका बाईकने लिटरला ४५, दुसरीने ३५ किलोमीटर दिले असं समजा. पहिलीला साधारण ४३ लिटर लागतील, दुसरीला ५५. लिटरमागे १०५ रुपये धरले तर महिन्याला सव्वा हजार आणि वर्षाला पंधरा हजारांचा फरक पडतो. छोट्या स्पोर्ट बाईकचा हा मोठा फायदा आहे. मात्र तीच बाईक सतत रेस करून चालवली तर हा फायदा उडून जातो.

देखभालीत दोन गोष्टी ध्यानात ठेवा. चेनला साधारण दर ५०० किलोमीटरला तेल द्यावं लागतं. तुमच्या रोजच्या ८० किलोमीटरच्या हिशोबाने ते जवळपास दर आठवड्याचं काम झालं. दुसरी गोष्ट म्हणजे फेअरिंग. स्पोर्ट बाईक नुसती स्टँडवरून कलंडली तरी प्लॅस्टिकच्या पॅनलला तडा जातो आणि ती पॅनल स्वस्त नसतात. क्रूझरला लेगगार्ड लावला तर असं पडणं बहुतेक वेळा निभावून जातं.

ब्रेक आणि सुरक्षितता

एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नवीन बाईकला एबीएस सक्तीचं आहे. पण एबीएस आहे एवढं ऐकून समाधान मानू नका. सिंगल चॅनल एबीएस फक्त पुढच्या चाकाचं लॉक होणं टाळतं, ड्युअल चॅनल दोन्ही चाकांचं. पावसात, टोलनाक्यापाशी सांडलेल्या ऑइलवर किंवा रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर मागचं चाक घसरलं की हा फरक जीवाशी येऊ शकतो. रोज हायवेने जाणाऱ्याने रंग आणि ग्राफिक्सवर पैसे घालण्यापेक्षा ड्युअल चॅनल एबीएसचं मॉडेल घ्यावं.

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातल्यामुळे ५०,०२९ जण गेले आणि त्यातले १४,३३७ मागे बसलेले होते. मागच्याला हेल्मेट कशाला, असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. आईची काळजी उगाच नसते. तिला ‘काही होत नाही गं’ म्हणून गप्प बसवण्यापेक्षा बाईकच्या बजेटमधूनच दोन आयएसआय हेल्मेट, जॅकेट, हातमोजे, घोट्यापर्यंतचे बूट आणि चमकदार पट्टीचा रेनकोट यांचे पैसे बाजूला काढा. यासाठी बाईकचं एक व्हेरिएंट खालचं घ्यावं लागलं तरी चालेल.

मग कोणती घ्यावी?

रस्ता बहुतांश सरळ आणि चांगला असेल, रोज तासाभराहून जास्त बसायचं असेल, कुणीतरी मागे बसणार असेल किंवा तुमची उंची बेताची असेल तर ३५० सीसीच्या आसपासची क्रूझर घ्या. हायवेने रोज जाणाऱ्या बहुतेकांना हीच जास्त सोयीची पडते.

तुम्ही एकटेच जात असाल, वाटेत घाट असेल, निम्मा रस्ता शहराच्या गर्दीतला असेल, पार्किंग अडचणीचं असेल आणि पेट्रोलचा खर्च आवाक्यात ठेवायचा असेल तर १५० ते २५० सीसीची स्पोर्ट बाईक चांगली. त्यातही फार न झुकवणारं मॉडेल निवडा.

आणि रस्ता खड्ड्यांचा असेल, वर्षभर काम चालू असेल, तर प्रामाणिक उत्तर असं आहे की यातली एकही बाईक तुमच्यासाठी नाही. सरळ बसवणारी साधी स्ट्रीट बाईक किंवा लांब सस्पेन्शनची ॲडव्हेंचर बाईक पाहा. तिच्यावर पाय बरोबर खाली असतात, खड्ड्यावर उठता येतं आणि मनगटावरही भार येत नाही. ती फोटोत कमी देखणी दिसेल, पण दोन वर्षांनी पाठ तुम्हाला धन्यवाद देईल.

पैसे भरण्याआधी ही परीक्षा घ्या

- शोरूमभोवती पाच मिनिटांची चक्कर पुरेशी नाही. शक्य असेल तर अर्ध्या तासाची टेस्ट राइड मागा किंवा तीच बाईक एका दिवसासाठी भाड्याने घ्या.
- रोजची बॅग पाठीवर घ्या, रोजचेच बूट घाला आणि रोजच्याच रस्त्यावर, ऑफिसच्याच वेळेला चालवा.
- मागे बसणार असलेल्या माणसाला बरोबर न्या. त्याचं मत तुमच्या मताइतकंच महत्त्वाचं आहे.
- बाईक बंद करून हाताने मागे ढकलून पाहा, चढावर वळवून पाहा.
- घरी आल्यावर मनगट, मान आणि कंबर यांतलं काय दुखतंय ते दुसऱ्या दिवशी सकाळी पाहा. खरा निकाल तेव्हा लागतो.
- सर्व्हिस सेंटर घराच्या किंवा ऑफिसच्या वाटेवर आहे का, याची खात्री करा. वर्षाला २३ हजार किलोमीटर चालणाऱ्या बाईकला तिथे वरचेवर जावं लागणार आहे.

घरातली चर्चा फोटोवरून सुरू झाली तरी ती तिथेच संपवू नका. मुलाने वडिलांना, वडिलांनी मुलाला एकदा आपल्या पसंतीच्या बाईकवर त्याच रस्त्यावरून नेऊन आणावं. बरेच वाद तिथेच मिटतात. आणि आईला विचारलंत तर तिची अट एकच असते, रात्री गेटचा आवाज वेळेवर यावा. ती अट पूर्ण करणारी बाईक निवडा, मग ती स्पोर्ट असो की क्रूझर.